ताई, हे घरी कसं सांगू?

या महिन्यातली बरीचशी पत्रं रीलवरून, स्टेटसवरून, ग्रुपवरच्या जोकवरून आलीत. लग्न जमत नाही, अभ्यास होत नाही, पावसाने बाग गेली, सगळ्यावर पोरं चार लोकांना हसवतात आणि मला लिहायला बसली की चौथ्या ओळीला रडवेली होतात, आणि शेवटी प्रश्न एकच असतो की हे घरी कसं सांगू. पाच पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, मी २७ वर्षांचा, निफाड तालुक्यातला. बीएस्सी झालोय, घरची अडीच एकर द्राक्षबाग मीच बघतो. मी आणि मित्र मिळून रील बनवतो, शेतीवर आणि लग्न जमत नाही त्याच्यावर. मागच्या महिन्यात एक केलं, मी बागेत उभा राहून म्हणतो 'घडाला भाव नाय अन् पोराला बायको नाय', आणि मागून आई डोक्यावर क्रेट घेऊन चालली होती ती पण त्यात आली. ते रील चाळीस हजार लोकांनी बघितलं. खाली कुणीतरी लिहिलं, 'मागच्या मावशीला विचार, तिला कसा भेटला'. सगळे हसले, मी पण हसलो. मग एका लग्नात चुलत वहिनीने आईला ते दाखवलं, कमेंटसकट. आई रात्री एवढंच म्हणाली, 'मी तुझ्या बापाशी लगीन केलं ते चुकलं का रे?' त्यानंतर त्या विषयावर गप्पच आहे. रील डिलीट करू का? केलं तर मित्र म्हणतील घाबरला.

अरे, तुझं पत्र वाचून माझ्या डोळ्यासमोर तू नाही आलास, तुझी आई आली. डोक्यावर ओझं असलं की माणूस मान वळवत नाही, समोर बघून चालतो, ती तशी चालत राहिली आणि कॅमेरा चालू आहे हे तिला माहीतही नव्हतं.

माझी मावशी पिंपळगावजवळ आयुष्यभर बागेत राबली. नाताळच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा विरळणी चालू असायची, ती बारीक कात्री घेऊन घडातले जादा मणी काढायची, दिवसभर हात डोक्याच्या वर, आणि घड औषधाच्या मगात बुडवायचे तेव्हा ते पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत यायचं, ब्लाउजची बाही ओलीच असायची. संध्याकाळी तिला फळीवरचा डबा काढता यायचा नाही, हात वर जायचेच नाहीत, आम्हा पोरांना हाक मारायची. तुझ्या आईचेही असेच दिवस गेले असणार, आणि आता तिला वाटतंय की आपल्या पोराला या सगळ्याची लाज वाटते.

तू खोटं काही बोललेला नाहीस. भाव पडतो हे खरंच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली तेव्हा निफाडकडच्या बागांचं काय झालं ते तू स्वतः बघितलंयस, आणि शेतकरी म्हटल्यावर मुलीकडचे चहा पिऊन निघून जातात हेही घरोघरी चाललंय. पण बघ ना, ही भीती तू मित्राला सांगितलीस, कॅमेऱ्याला सांगितलीस, चाळीस हजार अनोळखी लोकांना सांगितलीस आणि जी रोज तुला ताट वाढते तिला एकदाही म्हणाला नाहीस की आई, माझं लग्न होईल का याचं मला टेन्शन आलंय. ते आता म्हण. चार माणसांत नको, पाहुणे असताना नको, दोघंच बागेत असाल तेव्हा, फवारणीचा ब्लोअर बंद झाला की. तिला सरळ सांग की तुझं काही चुकलं नाही, तू होतीस म्हणून ही बाग टिकली, मी माझ्या टेन्शनमध्ये बोललो आणि त्यात तू आलीस ते मला कळलं नाही.

रील ठेवायचं का काढायचं हे तिला विचार, कारण चेहरा तिचा आहे. ती म्हणाली राहू दे, तर राहू दे, फक्त ती कमेंट आजच काढ. ती म्हणाली काढ, तर त्याच मिनिटाला काढ. मित्र घाबरला म्हणाले तर म्हणू दे, कमेंट त्यांच्या आईवर आली नव्हती.

आता लग्नाबद्दल. एक आकडा मी कुठेही बोलायला गेले की सांगते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला त्या ८९४ वर आल्या. त्या २००१ च्या मोजणीत तू पण होतास, दोन-तीन वर्षांचा. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ सालचा, तरीही त्या काळात आपल्याकडे किती पोरी जन्माला येऊ दिल्या नाहीत, आणि त्यांच्याच वयाची पोरं आज पोरगी मिळत नाही म्हणून रील बनवतायत. हे बोलायचं धाडस कुणीतरी रीलमध्ये करावं असं मला फार वाटतं, तू केलंस तर मी स्वतः शेअर करीन.

आणि ज्या मुली आहेत त्या नाही का म्हणतात तेही ऐक, मला त्यांचीही पत्रं येतात. त्यातली एक, दिंडोरीकडची, स्वतः शेतकऱ्याची मुलगी, तिने लिहिलं होतं की मी शेतीला नाही म्हणत नाही, माझ्या आईसारखं जगायला नाही म्हणते, पहाटे चारला उठून रात्री अकराला आडवी होते आणि सातबारावर नाव नाही, शंभर रुपये पाहिजे असले तरी मागायचे. याला तू काय उत्तर देशील? तुझ्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, लाखाच्या संख्येनं बायका आल्या होत्या, आणि त्यानंतरच्या काळात लक्ष्मीमुक्तीचं काम उभं राहिलं, म्हणजे नवऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तेव्हा ते करून दाखवलंय. तुझ्या घरी सातबारावर आईचं नाव आहे का? नसेल तर लग्नाच्या आधी ते काम कर, वडिलांशी बोल, तलाठ्याकडे जा. उद्या मुलगी बघायला गेलास आणि सांगता आलं की आमच्या घरात बाईचं नाव जमिनीवर लागतं, तर ती मुलगी चहाच्या पुढे दोन प्रश्न तरी विचारेल.

बायोडेटात नुसतं 'शेती' लिहू नकोस. माल युरोपला जात असेल तर ग्रेपनेटवरची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी यादीतली नोंदणी, कोणतं औषध कुठल्या तारखेला मारलं त्याची वही, रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाची तपासणी, छाटणीपासून तोडणीपर्यंतचा हिशोब, हे सगळं तू करतोस ना? मग ते लिही की.

ताई, मी येवल्याचा, सिडकोत रूम करून राहतो, अंबडला कंपनीत आहे. रूममेट कोल्हापूरचा. मिसळीवरून ग्रुपवर वाद झाला, मी मीम टाकलं की कोल्हापूरची मिसळ म्हणजे नुसतं तेल, त्याने टाकलं की नाशिकवाले मिसळ खात नाहीत पापड खातात. मग तो गावावर गेला, मी पण गेलो. आठ दिवस झाले बोलणं बंद. एकाच खोलीत राहतो आम्ही. हसू नका प्लीज.

हसत नाही. घर सोडून आलेल्या पोराला त्याच्या गावच्या खाण्यावर बोललं की लागतं, ते मिसळीबद्दल नसतंच, त्याला घरची आठवण येत असते आणि तू नेमकं तिथे बोट ठेवलंस. त्याच्याकडे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस असतात, कट वेगळा वाटीत येतो, तो ते लहानपणापासून खात आलाय. आपल्याकडे मटकी, शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, आणि रविवारी सकाळी अख्खं गाव मिसळीला निघतं, गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, ते तू लहानपणापासून बघत आलायस. मला आपली आवडते आणि मी ती सोडणार नाही, पण आठ दिवस अबोला हे फार झालं रे. येत्या रविवारी त्याला उठव आणि घेऊन जा. पापड त्याच्या ताटात ठेव. ग्रुपवर गावावरून जे बोललास त्याबद्दल मात्र ग्रुपवरच सॉरी लिही, कारण ते सगळ्यांनी वाचलंय.

ताई, मी २० वर्षांची आहे, कॉलेज रोडच्या एका कॉलेजात शिकते. रंगपंचमीला मैत्रिणींबरोबर जुन्या नाशकात रहाड बघायला गेले होते. आम्ही कडेला नाचत होतो, अंगावर रंगाचं पाणी उडालं, कपडे भिजले. कुणीतरी ते शूट केलं आणि दोन दिवसांनी एका पेजवर माझा व्हिडिओ आला, वर घाणेरडं कॅप्शन आणि मागे गाणं. वर्गातल्या मुलांनी मला टॅग करून हसण्याचे इमोजी टाकले, म्हणजे त्यांना वाटलं की गंमत आहे. मी घरी सांगितलेलं नाही. भावाला कळलं तर तो पुढच्या वर्षी रंगपंचमीला काय, क्लासलाही एकटं जाऊ देणार नाही. माझीच चूक झाली का तिथे जाऊन?

नाही गं, तुझी काहीच चूक नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. रहाड नाशिकची आहे आणि तूही नाशिकची आहेस. पेशवेकाळापासून चालत आलेले ते हौद, वर्षभर जमिनीखाली झाकलेले, वरून गाड्या जातात आणि रंगपंचमीला उघडून पूजा करून रंग कालवतात, पोरं धप्पा मारतात आणि सगळा चौक भिजतो. हे दुसऱ्या कुठल्या शहरात बघायला मिळतं? आपल्या गावचा सण बघायला जायचं नाही असं कुणाच्या घाणेरड्या कॅप्शनमुळे ठरत नसतं.

आता काय करायचं ते ऐक, आणि या क्रमाने कर. आधी तो व्हिडिओ, कॅप्शन, पेजचं नाव, तारीख, खालच्या वाईट कमेंट, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ आणि लिंक कॉपी करून कुठेतरी सेव्ह कर. रिपोर्ट त्याच्यानंतर करायचा, कारण पोस्ट उडाली की पुरावाही उडतो आणि बऱ्याच मुली घाईत आधी रिपोर्ट मारून बसतात. मग अ‍ॅपमध्ये रिपोर्ट कर, मैत्रिणींनाही करायला लाव. त्या पेजवाल्याशी वाद घालू नकोस, एकच मेसेज टाक की ही मी आहे, माझी परवानगी नाही, काढा, आणि त्याचाही स्क्रीनशॉट ठेव. तेवढ्याने काढलं नाही तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार कर, तिथे महिलांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. १९३० हा नंबर सगळे सांगतात पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुझं काम पोर्टलवर नाहीतर पोलीस ठाण्यात होईल. नाशिक शहराचं स्वतःचं सायबर पोलीस ठाणं आहे, आणि तुझ्या घराजवळच्या ठाण्यालाही तक्रार घ्यावीच लागते, आमच्या हद्दीत येत नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या कलम ७९ मध्ये बाईचा अपमान होईल असं बोलणं, हावभाव, तिच्या खासगीपणात घुसणं हा गुन्हा आहे. हे कलम लक्षात ठेव, ठाण्यात बोलताना उपयोगी पडतं. आणि तुझ्या चेहऱ्याची छेडछाड करून आणखी काही बनवलं असेल तर एक दिवसही थांबू नकोस.

घरी एका मोठ्या माणसाला सांगच. भावाला आधी सांगावंसं वाटत नसेल तर नको सांगू, आई, मावशी, काकू, जी तुझं पूर्ण ऐकून घेईल ती. मोबाइल तिच्या हातात देऊ नकोस, आधी तोंडाने सांग काय झालं ते, मग दाखव. कारण व्हिडिओ आधी बघितला की बघणाऱ्याचं लक्ष कपड्यांकडे जातं आणि तू काय म्हणतेयस ते मागे पडतं, हे मी दोन-तीन घरांत झालेलं बघितलंय. पोलिसांत जाताना तिला बरोबर घे.

आणि वर्गातल्या त्या मुलांनो, तुमच्यातलं कुणीतरी हे वाचत असेल म्हणून लिहिते. तुम्ही टॅग केलंत तेव्हा तो व्हिडिओ तिच्या आणखी शंभर ओळखीच्यांपर्यंत गेला. पेजवाला तिला ओळखतही नाही, तुम्ही ओळखता, रोज तिच्या मागच्या बाकावर बसता. टॅग काढा, तिला जाऊन सॉरी म्हणा, आणि रिपोर्ट करायला तिला मदत करा, तुमच्या दहा जणांच्या रिपोर्टने फरक पडतो.

नमस्कार. मी ६३ वर्षांचा, नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून रिटायर झालो. तुमचा कॉलम तरुणांचा आहे हे माहीत आहे तरी लिहितो. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी रोज सकाळी सुप्रभातचा मेसेज टाकायचो. मुलगी पुण्याला असते, तिने आणि पुतण्यांनी माझा खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं असलेला फोटो घेऊन स्टिकर केला. तोवर ठीक होतं, मीही हसलो. पावसाळ्यात मी गोदाकाठचा दुतोंड्या मारुती, ती मोठी मूर्ती, बुडाल्याचा व्हिडिओ टाकला, तो जुन्या पुराचा निघाला, तेव्हा सगळ्यांनी एकामागोमाग तोच स्टिकर टाकला, मी मोजले, अकरा वेळा. त्या दिवसापासून मी काही टाकत नाही. याला तीन महिने झाले. कुणी विचारलं नाही की का बंद केलं.

काका, नमस्कार. बरं झालं लिहिलंत.

पुराच्या व्हिडिओत तुम्ही एकटेच फसला नाहीत. २०१६ चा आणि २०१९ चा पूर आपल्याकडे इतका शूट झालाय की दरवर्षी गोदावरीला पाणी वाढलं की तेच व्हिडिओ परत फिरतात, शिकलेसवरलेले, माझ्या ओळखीतले प्राध्यापकसुद्धा पुढे पाठवतात. आणि ते साहजिक आहे, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का कमरेला लागलं यावरच तर नाशिकमध्ये पूर मोजतात, आपल्या आजोबांनीही तसाच मोजला. पुढच्या वेळी एवढं बघा की मेसेजवर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं आलंय का, तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो तो त्याच कारणाने, की माणसाने जरा थांबावं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते बातमीत येतं, विसर्ग कमी आणि व्हिडिओत मारुती बुडालेला, तर तो जुना समजायचा. नाहीतर सरळ होळकर पुलावर जाऊन स्वतः बघा आणि तुमचा फोटो तुम्ही टाका, तो कुणी जुना म्हणूच शकत नाही.

पण तुम्हाला खरं लागलंय ते वेगळंच, तीन महिने कुणी विचारलं नाही ते. याच्यावर ग्रुपवर काही लिहू नका काका, मुलीला फोन करा. तिला हेच सांगा जे मला लिहिलंत, मोजले तेही सांगा, अकरा. मला नाही वाटत तिला ते माहीत आहे. पोरांना वाटतं स्टिकर म्हणजे लाड, वडिलांचा स्टिकर केला म्हणजे वडील आपल्यातले झाले, आणि पहिल्या वेळी तुम्हीही हसलात त्यामुळे त्यांनी ते धरून ठेवलं. अकरा जणांनी एकदम टाकला की बापाला कसं वाटतं हे तिला तुमच्या आवाजात ऐकू दे.

आणि सुप्रभात परत चालू करा. दुसऱ्याने केलेल्या गुलाबाऐवजी तुमच्या गॅलरीतली तुळस टाका, स्टेशनजवळच्या टपरीवरचा सकाळचा चहा टाका, दोन ओळी स्वतःच्या लिहा. पुण्यात बसलेल्या मुलीला नाशिकरोडची सकाळ दुसरं कोण दाखवणार?

ताई, मी २१ वर्षांची, गंगापूर रोडला पीजीमध्ये राहते. माझी एक मैत्रीण आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दोन वेळा गेली तिची. ती ग्रुपमधली सगळ्यात विनोदी मुलगी आहे. गेले दीडेक महिना रात्री दोन-अडीचला स्टेटस टाकते, 'आपण नसलो तर मेसचा एक डबा वाचेल', 'पुढच्या जन्मी मांजर व्हायचंय, हा जन्म कॅन्सल' असलं काहीतरी. सगळे हसण्याचे इमोजी देतात, मी पण देते. सकाळी तिचे स्टेटस डिलीट झालेले असतात. परवा तिने मला तिची आवडती पुस्तकं देऊन टाकली, म्हणाली मला नको आता. मी काही विचारलं तर तिला वाईट वाटेल का? का मीच जास्त विचार करतेय?

या पत्राला मी अंक निघायची वाट बघितली नाही, त्याच दिवशी उत्तर पाठवलं आणि त्या मुलीशी फोनवर बोलले. तिच्या परवानगीने इथे छापतेय कारण असंच लिहिणारी आणखी तीन पत्रं आलीत. तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते.

तू जास्त विचार करत नाहीयेस. रात्री दोनला टाकायचं आणि सकाळी काढायचं, आवडत्या वस्तू वाटून टाकायच्या, आपण नसलो तर बरं होईल असं पुन्हा पुन्हा म्हणायचं, हे सगळं एकत्र आलं की तो जोक म्हणून सोडायचा नसतो. हसवणारी मुलगी आहे म्हणून ती हसतच असेल असं धरून चालू नकोस. हसतखेळत बोललं की समोरचा घाबरत नाही, प्रश्न विचारत नाही, म्हणून पुष्कळ माणसं आपलं सगळ्यात जड ओझं जोकमध्येच गुंडाळून देतात, आणि कुणीतरी उघडून बघेल का म्हणून वाट बघतात.

म्हणून विचार. आडून नको, सरळ विचार की तुझ्या मनात मरायचे विचार येतात का. हे वाक्य तोंडातून निघत नाही मला माहीत आहे, पण लोकांना वाटतं की विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, तसं होत नाही, उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं, हे मानसोपचाराचं काम करणारे सगळे सांगतात. मेसेजवर विचारू नकोस, समोर बसून विचार. तिच्या अभ्यासिकेच्या बाहेर जा, चहा घ्या, फोन पालथा ठेव. ती 'काहीतरीच काय' म्हणून हसली तर तूही हसू नकोस, थोडं थांब आणि परत विचार.

ती हो म्हणाली तर ऐकून घे. 'अगं परीक्षा काय परत देता येते', 'आईबाबांचा विचार कर', असं लगेच सुरू करू नकोस, ते तिने स्वतःला शंभर वेळा सांगून झालंय. कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नकोस, तिने मागितलं तरी. तिला सांग की मी हे एकटी सांभाळू शकत नाही, आपण दोघी मिळून अजून एका माणसाला सांगू. तिच्या घरचं कोण तिचं ऐकतं ते तिलाच विचार. एकटी राहू देऊ नकोस, त्या रात्री तिच्या खोलीवर झोप किंवा तिला तुझ्याकडे आण. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, पहिल्या वेळी तू बरोबर जा, केसपेपर तू काढ, कारण त्या रांगेत एकटीने उभं राहायला फार बळ लागतं. आणि तिने काही ठरवलंय असं वाटलं, आजचं आज काहीतरी होईल असं वाटलं, तर ओपीडीची वाट न बघता रिक्षा करून सरळ इमर्जन्सीला ने, नाहीतर ११२ ला फोन लाव. ती नंतर रागावली तर रागावू दे.

आणि ग्रुपमधले बाकीचे. रात्री असं स्टेटस दिसलं की इमोजीच्या जागी दोन शब्द टाका, 'जागी आहेस? फोन करू?' एवढंच.

ज्या तिघांनी नाव-पत्ता न देता लिहिलंय, त्यांना मला उलट लिहिता येत नाहीये, म्हणून इथे सांगते. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री अडीचलाही उचलतात. आणि त्यातल्या ज्याने अर्ध्यात पत्र सोडलंय, 'ताई जाऊ द्या काही नाही' म्हणून, त्याने ते पूर्ण करून पाठव रे, खाली फोन नंबर लिही, मी स्वतः करते.